मडगार्डावरची भोकं

मुलांनो, एक काळी मोटार डोळ्यांसमोर आणा. तिच्या उजव्या मडगार्डावर परातीएवढा शिकारीचा दिवा बोल्टांनी आवळलेला आहे, आणि त्या दिव्याशेजारी एका माणसाचा डावा हात दाबून धरला आहे. दिसला? हा एलिया मिस्त्री. सेहेचाळीस साली कोपरगावात, येवल्याच्या रस्त्याला, तो मोटारींच्या पत्र्याचं काम करायचा.

"दिवा काडतू की," एलिया म्हणाला. "दिवा तुमचा, गाडी तुमची. पन बोल्टांची भोकं बुजवनार न्हाई."

हात दाबून धरणाऱ्या सूर्यभानने, गाडीमालकाच्या गड्याने, दुसऱ्या हातातला पाना खाली आणला. करंगळी मोडली.

एलिया नाही म्हणत होता, कारण काय घडलं ते त्याला ठाऊक होतं. आदल्या रात्री गाडीचे मालक आप्पासाहेब डुकराच्या शिकारीला निघाले होते. दिव्याच्या झोतात उसात काही हललं आणि त्यांनी बार काढला. डुक्कर नव्हतं, राखणदार सहादेव होता. मांडी फुटून तो ओरडत होता. त्याला उचलायचं सोडून आप्पासाहेबांनी दुसरा बार काढला, म्हणजे ओरडणं थांबावं. सहादेवची बायको झुंबरबाई बांधावर होती. तिला मोटारीचा नंबर वाचता येत नव्हता, पण मडगार्डावरचा दिवा तिने पाहिला होता. गावात दुसरं कुणी तोंड उघडणार नव्हतं. दिवा उतरला आणि भोकं बुजली, की तिच्या शब्दाला काही आधार उरत नव्हता.

"मिस्त्री, तुमी मिशनची मानसं लई ताठ," खुर्चीत बसलेले आप्पासाहेब म्हणाले. "भोकं म्हंजी काय, पाप हाय का?"

"सहादेवला मी वळखीत हुतो, आप्पासाहेब."

"म्या बी वळखीत हुतो. सूर्यभान, फुडचं बोट."

दुसरं बोट मोडलं. एलियाने ओठ इतका चावला, की हनुवटीवरून रक्त ओघळलं. पण मान हलवली ती नकाराचीच.

तेवढ्यात त्याची पोर, दहा वर्षांची मरिया, भाकरीचं फडकं घेऊन आत आली. सूर्यभानने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचा हात ऐरणीवर ओढला.

"हिची बोटं लई बारीक हायती. एका ठोक्यात चारी जातील."

"सोड तिला!" एलिया ओरडला. "भरतो. सोड."

असं भोक कसं भरतात, सांगतो. बोल्ट काढायचे, कडा ठोकून आत दाबायच्या, मागून पत्र्याची चकती लावायची आणि खळग्यात डाख भरायचा. डाख म्हणजे शिसं आणि कथील. जाळ लागला, की तो लोण्यासारखा मऊ होतो. मग कानस, पॉलिश पेपर आणि वरून रंग. एलियाचा एक हात निकामी होता, म्हणून ब्लोलॅम्पला पंप मारून जाळ मरियाने धरला. ती रडत नव्हती. बापाच्या सुजलेल्या बोटांकडे मात्र एकसारखी बघत होती. रंग लावण्याआधी मडगार्डावरून हात फिरवला, तरी काही लागत नव्हतं.

रंग ओला होता तोवरच फौजदार आले. बरोबर दोन शिपाई आणि झुंबरबाई. तिच्या लुगड्यावर नवऱ्याचं रक्त वाळलं होतं.

"हीच गाडी! हितं हुता दिवा!" ती मडगार्डावर धावली. सूर्यभानने तिच्या पोटात कोपर मारलं. ती खाली बसली.

"हात आवर!" फौजदार गरजले. मग त्यांनी मडगार्ड निरखलं. "आप्पासाहेब, रंग ताजा दिसतो."

"खरचटली हुती, सायेब. दिवा कवाच नव्हता. मिस्त्रीला इचारा."

"मिस्त्री, दिवा होता?"

एलियाने मरियाकडे पाहिलं. सूर्यभान तिच्या मागे जाऊन उभा राहिला होता.

"न्हाई सायेब."

"आणि ही बोटं?"

"बॉनेट पडलं."

"ईश्वराची शपथ घालते रं एलियादादा!" झुंबरबाई जमिनीवर हात आपटत म्हणाली. एलियाने डोळे मिटले. फौजदारांनी टोपी नीट केली आणि ते दाराकडे वळले.

मरियाने ब्लोलॅम्प उचलला आणि काडी ओढली. भसकन जाळ उठला.

"ये कार्टे!" सूर्यभानने तिच्या खांद्यावर हात टाकला. ती गर्रकन फिरली. जाळ त्याच्या मनगटाला चाटून गेला आणि तो किंचाळत मागे कोसळला. आप्पासाहेब खुर्चीतून उठले.

"कुणी हलायचं नाही," फौजदार म्हणाले.

मरियाने जाळ मडगार्डाला लावला. रंगाला फोड आले, तो काळा पडला, पेटला. मग खालून रुपेरी थेंब ओघळले, मागची चकती सुटून खणखणत जमिनीवर पडली, आणि पत्र्यात एक गोल भोक उघडं झालं.

"मरिये, बास," एलिया हलकेच म्हणाला.

तिने नकाराची मान हलवली, लॅम्पला आणखी चार पंप मारले, आणि ती दुसऱ्या भोकाकडे वळली.