माझा आवाज गेलेला नाही

मी एक जुना ट्रॉम्बोन आहे, फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, आणि अगदी ठणठणीत आहे. मित्रांनो, हे आधीच सांगतो, कारण आमच्या गावात माझ्याबद्दल भलतंच बोललं जातं. आणि ते पसरवणारा माणूस माझ्याच घरातला आहे.

माझा जन्म अमेरिकेत, इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा ठोकून माझं रुंद तोंड घडवलं. माझी पुढेमागे सरकणारी लांब नळी इतकी घासली, की बोटाने ढकलली तरी सुळकन जाई. आयोवातल्या आमच्या गावच्या कॉलेजात वेंडेल दाखल झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी मला त्याच्या हाती दिलं. काय पोरगा होता! स्वतः जेवायला विसरे, पण माझ्या नळीला तेल लावायला विसरत नसे.

दरवर्षी पानगळीच्या दिवसांत एका शनिवारी जुने विद्यार्थी कॉलेजात परत येतात. संध्याकाळी फुटबॉलचा सामना असतो आणि मध्यंतरात जुन्यांचा बँड कॉलेजचं गाणं वाजवतो. गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा ट्रॉम्बोन खालच्या सुरापासून वरपर्यंत लांबलचक मींड घेतो. मग सारं मैदान ओरडतं. ती मींड आमची होती, वेंडेलची आणि माझी. लोक त्याची पाठ थोपटत आणि तो माझी.

पुढे वेंडेलचं लग्न झालं, नोकरी लागली, मुलगी टिल्डा झाली आणि मी कपाटात गेलो. आधी आठवड्यातून एकदा बाहेर निघे, मग महिन्यातून, मग फक्त त्या शनिवारी. त्याचंही मला वाईट वाटलं नाही. संसारी माणसाला वेळ कुठे असतो? टिल्डा दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेच्या बँडसाठी तिने मला मागितलं. "मोठी झालीस की देईन," वेंडेल म्हणाला. मी मनातून खूश झालो. त्याला मी अजून हवा होतो.

त्या वर्षी त्याची बायको मार्लिस त्याला सारखी टोचत होती. "अरे, निदान एकदा तरी वाजवून बघ. ऐन वेळी फजिती करून घेशील."

"हाताला सवय आहे गं. झोपेतसुद्धा वाजवेन मी."

शनिवारी तिघं निघाली. दुपारी मिरवणूक होती. वेंडेलने मला ओठांना लावलं, नळी ऐटीत सरकवली, पण त्याची फुंकर काही आली नाही. तो नुसता गाल फुगवत होता! दोन्ही बाजूंनी तुताऱ्या वाजत होत्या, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मला वाटलं, दम राखून ठेवतोय संध्याकाळसाठी. इतका माझा विश्वास होता.

मध्यंतर झालं. गाणं मध्यावर आलं, सगळे थांबले. वेंडेलने फुंकर मारली, पण त्याचे ओठ ढिले पडले होते. नुसती हवा फुसफुसली. त्याने पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. सगळं मैदान वाट पाहत होतं. पहिल्या रांगेत टिल्डा श्वास रोखून उभी होती. मी तयार होतो हो! एक खरी फुंकर मिळाली असती, तर मी आकाशापर्यंत गेलो असतो.

तेवढ्यात वेंडेलने मला ओठांवरून काढलं. जोरात हलवलं, माझ्या तोंडात डोकावून पाहिलं, मान हलवली आणि हात पसरले. "गेला बिचारा! म्हातारा झाला!"

सारं मैदान हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या.

नंतर चर्चच्या तळघरात सगळे चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनीचे रोल खायला बसले. जो तो वेंडेलची समजूत काढत होता. टिल्डा म्हणाली, "बाबा, मी बघू वाजवून?"

"नको, आत काहीतरी मोडलंय. ओठ कापेल तुझा." त्याने खटकन माझी पेटी बंद केली. मार्लिसने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात त्याने मला एका लाकडी ठोकळ्यावर उभं केलं, माझ्या तोंडात बल्ब बसवला आणि माझा दिवा केला. आल्यागेल्याला तो माझी गोष्ट रंगवून सांगे. टिल्डाने शाळेत बासरी घेतली.

वर्षभराने पुन्हा तो शनिवार आला. निघायच्या गडबडीत टिल्डा एकटीच खोलीत होती. तिने गुडघे टेकले आणि मला फुंकलं. पहिल्यांदा घरघर झाली. दुसऱ्यांदा सूर आला, भरदार आणि स्वच्छ. बल्ब थरथरला. तिने नळी सरकवली आणि सूर वर चढत गेला.

वेंडेल दारात येऊन उभा होता.

"बाबा, हा तर वाजतो."

"लागला असेल चुकून."

"मग तू वाजव ना."

वेंडेलने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "चल, उशीर होतोय," तो म्हणाला. टिल्डा उठली नाही.

मित्रांनो, आम्ही नकोसे झालो तर तसं सरळ सांगा. अडगळीतही आम्ही दिवस काढतो. पण आपली फजिती झाकण्यासाठी आमच्यावर खापर फोडू नका. मला तोंड असूनही बोलता आलं नाही, म्हणून त्याचं निभावलं. टिल्डा मात्र त्या दिवशी सामन्याला गेली नाही.