डागी बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे, आणि जन्मले तीच डाग घेऊन. कारखान्यात माझ्या नळीवर काळानिळा मुलामा चढवताना तो एका जागी नीट बसला नाही. पुढे कुणाच्या तरी हातून निसटले आणि लाकडी दस्त्यावर नखाएवढा खड्डा पडला. तपासणाऱ्या बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं, गोळ्या झाडून पाहिल्या आणि पेटीवर चिठ्ठी चिकटवली : 'काम ठीक, रूप डागी'. ती चिठ्ठी घेऊन मी अलास्कातल्या एका छोट्या बंदरावर, ओरिन पेल यांच्या दुकानात आले.

दुकानात माझ्या शेजारी माझ्यासारखीच एक बंदूक उभी होती. घडण तीच, लाकूड तेच, पण तिच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. गिऱ्हाइकं तिला हातात घेत. माझी चिठ्ठी वाचत आणि पुढे जात. कमी किमतीमुळे एखादा थबकला, तर त्याच्याबरोबरचा माणूस त्याची बाही ओढायचा.

नेल्डा आयव्हरसन आली तेव्हा समुद्रातले सॅल्मन मासे अंडी घालायला नदीत चढत होते. नदीच्या मुखाशी ती एकटी राहायची. मासे धुरावर सुकवण्याची तिची एक लाकडी खोली होती. एका अस्वलाने त्या खोलीचं दार उचकटलं होतं, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्या होबार्टला त्याने असं लोळवलं, की त्याचा हात खांद्यापासून निखळला. नेल्डाची आधीची बंदूक होडी कलंडली तेव्हा नदीच्या तळाशी गेली होती. दुकानात तिच्याबरोबर तिचा थोरला भाऊ व्हर्जिल आला होता.

नेल्डाने मला उचललं तसा व्हर्जिल म्हणाला, "ही नको. वरून ही अशी, तर आत काय दिवे लावलेत कुणास ठाऊक."

"वरून तर तूही फारसा बरा नाहीस," नेल्डा म्हणाली. "तरी आणलंच ना तुला बरोबर?"

व्हर्जिल हसला नाही. "चेष्टा सोड. अस्वल समोर आलं आणि ऐन वेळी तुला हा डाग आठवला तर? हात कचरला तर? पैशाचं म्हणशील तर वरचे मी घालतो. ती दुसरी घे."

नेल्डाने माझ्या डागावरून अंगठा फिरवला. त्याचं बोलणं तिला लागलं होतं, आणि खरं सांगते, मलाही. मनात शंका ठेवून बंदूक खांद्याला लावता येत नाही.

"ओरिन, तुम्ही काय म्हणता?" तिने विचारलं.

"मी दुकानदार आहे. माझं काय ऐकता?" ते म्हणाले. "नळीतून बघा. मागे मैदान आहे, गोळ्या झाडून बघा. मग ठरवा."

तिने नळी मागून बंद करणारी माझी पोलादी कडी काढली, नळीच्या एका टोकाला दिवा धरला आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावला. किती तरी वेळ ती बघत राहिली. मला माझं आतलं रूप कधी दिसलेलं नाही. तिथे काही वावगं निघालं तर मी पुन्हा त्या कोपऱ्यात जाणार होते. मग ती मला मैदानात घेऊन गेली. कागदी निशाणावर माझ्या गोळ्यांची भोकं एकमेकांना चिकटून पडली.

"हीच घेते," ती म्हणाली. "डागाने काही बिघडत नाही."

"तुझा जीव, तुझी मर्जी," व्हर्जिल म्हणाला, आणि त्याने स्वतःसाठी ती निर्दोष बंदूक घेतली. वर त्या बंदुकीसाठी मऊ अस्तराचं, चेन लावायचं एक जाड कव्हरही घेतलं.

पुढे एका सकाळी दोघं ओढ्याच्या वळणावर जाळं काढायला निघाली. बारीक पाऊस होता. व्हर्जिल पुढे चालत होता, बंदूक पाठीवर कव्हरात बंद.

"बाहेर काढ ना ती," नेल्डा म्हणाली.

"पाण्याने मुलामा जाईल."

"मग छत्री धर तिच्यावर."

तो काही बोलायच्या आत झुडपं हलली. अस्वल बाहेर आलं. कान मागे पडलेले, मान खाली, जबडा वाजवत. त्याच्या पायाशी अर्धा खाल्लेला मासा होता. व्हर्जिलने कव्हर पाठीवरून ओढलं. चेन थोडी सरकली आणि अडकली.

नेल्डाने मला खांद्याला लावलं. माझ्या नळीपुढे अस्वल नव्हतं, व्हर्जिलची पाठ होती.

"व्हर्जिल, खाली पड."

तो चेनशीच झटत होता. अस्वल निघालं.

"ते सोड," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सोड ते आणि आडवा पड."

तिचं बोट चापाबाहेरच होतं. तो वाटेत असेपर्यंत ते आत जाणार नव्हतं, अस्वल त्याच्यापर्यंत पोचलं असतं तरी. त्या क्षणी तिला माझा डाग आठवला का, मला माहीत नाही. मला आठवला. कारखान्यात सगळ्यांची नजर चुकवून माझ्या आत काही राहून गेलं असेल, तर ते आत्ता कळणार होतं.

व्हर्जिल पालथा पडला. नेल्डाने चाप ओढला. अस्वल अडखळलं, तरी पुढे आलं. तिने कडी मागे ओढून पुढे ढकलली. दुसरं काडतूस सरळ आत बसलं. दुसऱ्या गोळीला अस्वल कुशीवर कलंडलं, व्हर्जिलच्या बुटांपासून हातभर अंतरावर.

कुणालाच आनंद झाला नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे जीव वाचवायला मारलेल्या अस्वलाचं कातडं आणि कवटी सरकारी माणसांच्या हवाली करावी लागते. दोघं दिवसभर पावसात ते सोलत बसली. अस्वल म्हातारं होतं. बरगड्या दिसत होत्या, एक सुळा मुळापासून तुटून सडला होता.

"बिचारं उपाशी होतं," व्हर्जिल म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ते कव्हर मी जाळून टाकतो."

"आधी सुरी नीट धर," नेल्डा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मित्रांनो, इथून माझे मानाचे दिवस सुरू झाले, आणि माझा घात त्यांनीच केला. नेल्डाने दुसरी बंदूक वापरायला घेतली आणि मला भिंतीवर टांगलं. पाहुणे यायचे, व्हर्जिल रंगवून हकिकत सांगायचा. नेल्डा दर रविवारी माझा दस्ता तेलाने चमकवायची, माझ्या डागावरून मायेने फडकं फिरवायची. नळीच्या आत मात्र कुणी डोकावलं नाही. समुद्राची खारी हवा तिथे वर्षानुवर्षं बसून राहिली. मला आतून कुरतडल्यासारखं व्हायचं, पण सांगणार कसं?

बऱ्याच वर्षांनी वसंतात अंगणात पुन्हा अस्वलाच्या पावलांचे ताजे माग दिसले. नेल्डाची रोजची बंदूक दुरुस्तीला गेली होती. तिने मला खाली उतरवलं आणि काडतुसं काढली.

"थांब," व्हर्जिल म्हणाला. आता तो काठी टेकत चालत होता. "आतून बघितलंस?"

"अरे, रोज डोळ्यासमोर असते ती."

"तरी बघ."

तिने दिवा धरला. "आत सगळा गंज आहे," ती म्हणाली. मग काडतुसं परत डबीत ठेवली. ओरिनच्या दुकानात मला तपासलं, तेव्हा गंज इतका खोल गेला होता, की गोळी झाडली असती तर नळी नेल्डाच्या चेहऱ्याजवळच फुटली असती.

आता मी रिकामी, कुलूपबंद पोलादी कपाटात असते. ते योग्यच आहे. कुठे बंदूक दिसली तर तिला हात लावू नका, मोठ्या माणसाला हाक मारा. आणि मोठे झाल्यावर जे काही तुमच्या हाती येईल, ते उघडून, उजेडात धरून तपासत जा, कौतुकाचं असेल ते तर आधी. जन्मापासूनचा माझा डाग सगळ्यांना दिसायचा, त्याने कधी कुणाचं वाईट केलं नाही. ज्याने नेल्डाचा जीव घेतला असता, तो गंज चमचमत्या दस्त्याच्या पुढे, नळीच्या अंधारात, रोज थोडा थोडा वाढत होता.