गप्प बसल्याचे पाच मासे

क्लारिबेल माझ्या वर्गात आली तेव्हा सात वर्षांची होती. तिला बोलता येत नव्हतं. घंटा झाली की ती किंचाळायची, भात गार झाला की किंचाळायची आणि मग स्वतःचंच मनगट चावायची. शेजारी तिसरीचा वर्ग होता. तिथल्या बाई खिडकीतून डोकावून म्हणायच्या, "पेर्ला, अगं तुझ्याकडं काय डुक्कर कापतायत का?"

न बोलणाऱ्या, उशिरा शिकणाऱ्या मुलांना शिकवायचं कसं, ते मी इलोइलो शहरात दोन वर्षं राहून शिकून आले होते. आमच्या गावात असं शिकलेली मी एकटीच. मदतीला मानांग इसिंग होत्या; वयानं मोठ्या बाईला आमच्याकडं मानांग, म्हणजे ताई, म्हणतात. मुलांना भरवणं, धुणं-पुसणं सगळं त्या करायच्या आणि वर मला चार गोष्टी सुनावायच्या.

क्लारिबेलला मी चित्रांची वही करून दिली. भात, पाणी, संडास, झोका, आंबा. हवं असेल ते चित्र सोडवून समोरच्याच्या हातात द्यायचं. तीन महिन्यांनी एका सकाळी तिनं आंब्याचं चित्र माझ्या तळहातावर दाबून धरलं. तिची आई नेनिता किनाऱ्यावर कालवं फोडून विकायची. मी तिला निरोप धाडला, तर ती तशीच ओल्या हातांनी धावत आली. "माझ्या पोरीनं मागितलं? तोंडानं नाही, पण मागितलं ना?" असं म्हणून तिथंच बाकावर बसून रडली.

'दुखतंय'चं चित्र त्या वहीत नव्हतं. आधी खाणंपिणं, मग खेळ, दुखणं-खुपणं पुढच्या वर्षी, असा क्रम मी आखला होता. आधी किंचाळणं थांबायला हवं होतं. त्यासाठी मी एक पुठ्ठा केला. थोडा वेळ हात मांडीवर ठेवून गप्प बसली की एक कागदी मासा चिकटवायचा. पाच मासे झाले की झोका. तसाच एक पुठ्ठा नेनिताला घरी दिला. सहा महिन्यांत पोर शांत झाली. वरच्या कार्यालयातली माणसं बघायला आली. मुख्याध्यापक सर बर्नाबे यांनी मला पुढं करून सांगितलं, "ही आमची पेर्ला. हिनं त्या मुलीचं माणूस केलं." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

क्लारिबेल नऊ वर्षांची झाली, त्या फेब्रुवारीत तिनं पुन्हा सुरू केलं. चार दिवस ती किंचाळत होती, डोक्याची उजवी बाजू भिंतीवर आपटत होती. मी उशी मधे धरली आणि पुठ्ठ्यावरचे मासे काढून घेतले.

नेनिता काळजीत होती. "टीचर, जेवत नाहीये हो ती. सुकी मासळी दिली तरी तोंड फिरवते."

"हट्ट आहे," मी म्हणाले. "आता तुम्ही नमलात तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल."

"तुम्ही म्हणाल तसं."

मानांग इसिंग एकदा पुटपुटल्या, "हट्ट असा चार चार दिवस टिकतो होय?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, ती गप्प बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नाही. मी एकेक करत पाचही मासे चिकटवले आणि तिला झोक्यावर नेलं. तिनं झोका घेतलाच नाही. झोक्याची लोखंडी साखळी दोन्ही हातांनी धरून तिनं उजवा कान त्या लोखंडावर टेकवला आणि तशीच उभी राहिली.

"गार लागतंय, आवडत असेल," मी मानांगना म्हणाले. त्या तिच्या कानाकडं बघत होत्या.

शनिवारी तिला ताप चढला, झटके आले. तिला शहरातल्या इस्पितळात नेलं. कानातला पू मेंदूपर्यंत पोचला होता. मंगळवारी दुपारी ती गेली.

आमच्याकडं दफन होईपर्यंत माणसं घरी येऊन बसतात. मी सकाळीच गेले. पेटीत तिला पांढरा झगा घातला होता. नेनितानं मला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि माझा हात हातात घेतला.

"टीचर, तुमचे उपकार कसे फेडू? इस्पितळात नर्स म्हणाल्या, इतकं शहाणं लेकरू आम्ही बघितलं नाही. सुई टोचली तरी हूं की चूं नाही. हात असे मांडीवर ठेवले होते तिनं. शेवटपर्यंत."

मी कॉफी खाली ठेवली. गप्प राहिले असते तर आयुष्यभर नेनिता मला दुवा देत राहिली असती. पण माझ्यानं राहवलं नाही. मी तिला मागच्या दारी नेलं. तिथं कालवांच्या शिंपल्यांचा ढीग होता.

"नेनिता, ती हट्ट करत नव्हती. तिचा कान दुखत होता. ती चार दिवस तेच सांगत होती आणि मी तिला शिक्षा केली. दुखतंय हे दाखवायला मी तिला काही दिलंच नव्हतं. गप्प बसायला मात्र शिकवलं."

 नेनिता म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी घरी पण गप्प बसली होती ती. माझ्याकडं बघत होती. मी मासा चिकटवला." तिनं आपल्या झग्याचा काठ तोंडावर दाबला. "तुम्ही जा आता, टीचर. जा."

दफनाच्या वेळी मी कबरस्तानाच्या फाटकाबाहेरच उभी राहिले.

सर बर्नाबे म्हणाले, "डॉक्टरांनाच कळायला उशीर झाला, तू कशाला मनाला लावून घेतेस?" जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी प्रत्येक मुलाच्या वहीत पहिल्याच पानावर शरीराचं चित्र लावलं. कान, दात, पोट, डोकं. कुठं दुखतंय ते बोटानं दाखवायचं. मुलं किंचाळली की आधी कानात बघते, तोंडात बघते, पोट दाबून बघते. वर्गात पुष्कळ गोंगाट असतो. वरची माणसं पुन्हा आली ती कपाळाला आठ्या घालून गेली. मानांग इसिंग म्हणाल्या, "जाऊ द्यात." पण त्यांच्या आवाजात पूर्वीची टवाळी नव्हती. त्यांनाही तो शुक्रवार आठवतो, हे मला ठाऊक आहे.

नेनिता बाजारात दिसायची. मी समोरून आले की मान खाली घालून कालवं फोडत राहायची.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात जेवण घेऊन बसतं. मी दुपारी गेले. दुरूनच मेणबत्ती लावावी आणि परतावं असं मनात होतं. नेनिता थोरल्या मुलीबरोबर क्लारिबेलच्या कबरीपाशी चटई टाकून बसली होती. तिनं मला पाहिलं. मी तशीच उभी राहिले, पुढं जावं की मागं ते कळेना.

तिनं केळीच्या पानात बांधलेला चिकट भात सोडवला, त्यातला अर्धा दुसऱ्या पानावर ठेवला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तिकडं ऊन आहे. इकडं सरका."

मी बसले. तिनं ते पान माझ्यापुढं सरकवलं.  आम्ही दोघी भात खात राहिलो.