अण्णाजींच्या चाळीस बरण्या

मशीननं तिसऱ्यांदाही लाल दिवा दाखवला आणि मंजुषानं वाटी बाहेर काढली.

नालवाडीच्या पुढं औषधांचा कारखाना आहे, तिथं गुळवेलीचं सत्त्व तपासणं हे तिचं काम. पांढरी पूड काचेच्या वाटीत ठेवायची. मशीन तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकतं आणि मिनिटभरात सांगतं, माल अस्सल की भेसळीचा. पण मशीनला काय जन्मतः कळतं होय? अस्सल कसं असतं ते आधी दाखवावं लागतं. गेल्या वर्षी मंजुषानं चाळीस बरण्या दाखवल्या, सगळ्या अण्णाजी उमाट्यांच्या. म्हणजे तिच्या बापाच्याच! घरचा माल असताना परक्यावर कशाला भरवसा ठेवायचा, असं वाटलं होतं तिला.

आज नापास झाला होता सिंदीच्या रुख्माबाईचा पहिलाच माल. म्हातारी दारातच उभी होती.

"काऊन वं पोरी? सात पाण्यानं धुतलं मी. सहा बाया महिनाभर वेली कुटून राह्यल्या."

"वापस पाठव," मॅनेजर सदाशिवराव खेकसले. "अन् यादीतून नाव काट. भेसळवाले पुन्हा दारात नको."

भेसळवाले! म्हातारीचे डोळे डबडबले. मंजुषाला ते पाहवेना. "दहा मिनिटं द्या, सर," म्हणत तिनं कपाटातला जुना मायक्रोस्कोप काढला.

रुख्माबाईच्या सत्त्वात बारीक बारीक कण, सगळे एकसारखे. अगदी गुळवेलीचेच. मग मशीन नापास का करतंय? तिची नजर फळीवर नमुना म्हणून ठेवलेल्या बापाच्या बरण्यांकडं गेली. नको, नको, असं मन ओरडत होतं, तरी तिनं झाकण उघडलं. बारीक कणांमध्ये मोठाले, अंड्यासारखे कण. बटाट्याचं पीठ. दुसऱ्या बरणीत तेच, तिसरीतही तेच.

तिनं फोन लावला. "बाबा, सत्त्वात बटाट्याचं पीठ टाकता तुम्ही?"

 पलीकडं अण्णाजी हसले. "मूठभरच वं. पांढरं फेक दिसते. अन् तपासाले तूच बसली हायेस, मंग भ्याचं कायले?"

लाजेनं तिचे कान तापले. वर्षभर लोक तिच्या सहीवर विश्वासून ते औषध खात होते.

"मावशी, तुमचा माल चांगला हाये. बसा तुमी," ती रुख्माबाईला म्हणाली. मग सदाशिवरावांकडं वळली. "चूक माझी आहे, सर. भेसळच अस्सल म्हणून शिकवली मी मशीनला. वर्षभर विकलेला माल परत बोलवावा लागेल."

सदाशिवराव मटकन खुर्चीत बसले. "तुझी नोकरी जाईन, पोरी. बापाचं नाव जाईन."

तिनं नापासाची लाल चिठ्ठी ओढली. माल कोणाचा: अण्णाजी उमाटे. खाली तपासणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं असतं. मंजुषा, एवढं लिहून पेन अडलं.  मग तिनं पुढचं लिहिलं, अण्णाजी उमाटे, आणि चिठ्ठी बरणीला चिकटवली.

अजून एकोणचाळीस लिहायच्या होत्या.