पारूबाईची कोकेशी

धर्मपालला बाहुल्यांचं वेड लागलं ते बायको पारूबाई गेल्यावर. अहो, ज्या माणसाने जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली, स्वतःच्या पोराला कधी साधा खुळखुळा आणला नाही, तो सत्तरीत जुन्या जपानी बाहुल्या गोळा करतो म्हटल्यावर सोलापुरातल्या सात रस्ता चौकामागची सगळी गल्ली हसणारच की! त्या बाहुल्याही कसल्या? ना हात, ना पाय. नुसतं गोल लाकडी डोकं आणि रंगवलेलं धड. कोकेशी म्हणतात त्यांना. कुरिअर आलं की धर्मपाल खोकं फोडायचा, बाहुली कानाशी धरून तिचं डोकं फिरवायचा, आणि तोंड पाडून तिला काचेच्या कपाटात उभी करायचा. उन्हाने रंग उडतो म्हणून कपाटाला पडदासुद्धा लावलेला.

सून राजश्री एकदा वैतागली. "मामा, कान लावून ऐकता तरी काय ओ?"

"आवाज."

"कुणाचा?"

चहाचे दोन घोट पोटात गेल्यावर म्हातारा बोलायला लागला.

पहिली कोकेशी घरात आली तेव्हा राजश्रीचा नवरा रांगत होता. कारखान्यात नवे माग बसवायला साइतो नावाचा जपानी इंजिनियर आला होता. धर्मपालने त्याला घरी जेवायला आणलं. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडून साइतोने पारूबाईच्या हातात बाहुली ठेवली आणि डोकं फिरवून दाखवलं. क्यूंऽऽ! लाकडावर लाकूड घासून बाहुली अशी ओरडली, की पारूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. नवऱ्याचं नाव ती घेत नव्हतीच, पण चारचौघांत 'अहो' म्हणायलाही लाजायची. तिची आयतीच सोय झाली. चहा झाला, क्यूं. ताट वाढलं, क्यूं. आणि हा बाबा पहिल्या हाकेला कधी उठला असेल तर शपथ! चहा निवून जायचा. पारूबाई कावायची, "बाहुलीची मान मोडंल, पर तुमी उठायचं न्हाई!"

ती गेली. पुढे एकदा कपाट पुसता पुसता धर्मपालने त्या मानेत तेल सोडलं. फिटरचा हात तो. कुरकुर ऐकली की तेलाची बाटली. बाहुली मुकी झाली. पारूबाईची हाक आपल्याच हाताने बंद केली, हे म्हाताऱ्याच्या जिवाला लागलं. तेव्हापासून तो दुसऱ्या बाहुल्यांत तोच आवाज शोधत होता. काही ओरडायच्या, नाही असं नाही. पण कुणाचा आवाज जाड, कुणाचा चिरका. पारूबाईचा एकीचाही नव्हता.

राजश्रीने सगळं ऐकून घेतलं आणि कपबश्या उचलल्या.

एप्रिलात सोलापूर भाजून निघत होतं. धर्मपालने दुपारी कपाटाचा पडदा सरकवला, तर मधली जागा रिकामी! पहिली कोकेशीच नाही. पलंगाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, सुनेला हाका मारल्या. घरात कुणी नाही. मटकन खुर्चीत बसला.

तेवढ्यात वरून आवाज आला. क्यूंऽऽ!

"आलो, आलो!" धर्मपाल ओरडला. दुखरा गुडघा विसरून गच्चीवर चढला.

वर कुरडया वाळत पडल्या होत्या. त्यांच्यापाशी राजश्री बाहुली धरून उभी. तिचे डोळे भरले होते.

"मामा, आठवडाभर रोज हिच्या मानेत ज्वारीचं पीठ भरत होते, तेल ओढून घ्यायला. दुपारी तुमी झोपला की उन्हात ठेवायचे. आवाज आला ओ, पण रंगाचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. सगळा उडाला."

गालावरची लाली गेली होती, अंगावरची फुलं पुसट झाली होती. धर्मपालने बाहुली हातात घेतली, हलकेच मान फिरवली. क्यूंऽऽ! तोच आवाज.

"उडू दे गं रंग," तो कसाबसा म्हणाला, आणि तिथेच खाली बसून लहान पोरासारखा रडला. मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसून त्याने बाहुली तोंडासमोर धरली.

"पारू, आज तरी पहिल्या हाकंला आलो का न्हाई?"