नको म्हटलेलं मशीन

आई गेली, आणि मागे राहिलेल्या तिच्या शिलाई मशीनवर दोघी बहिणींचा जीव होता. धाकटी दवाखान्यातल्या फाटक्या चादरी शिवायची. ताई ध्यानाचे वर्ग घ्यायची. घर आवरताना ताईनेच विषय काढला.

“हे बघ, हवंहवंसं वाटतं ना, तिथेच दुःखाचं मूळ असतं. बुद्धांनी त्यालाच तृष्णा म्हटलंय. दोघीही सोडू. बायकांच्या शिवणवर्गाला देऊन टाकते मी.”

धाकटीला गलबलून आलं. त्याच मशीनपाशी फतकल मारून तिने आईला सुया ओवून दिल्या होत्या. पण ताईचा शब्द तिने आजवर खाली पडू दिला नव्हता. महिनाभर ती रोज पहाटे डोळे मिटून बसली. मशीन डोळ्यांपुढे यायचं, ती नुसती बघत राहायची. हळूहळू ते येईनासं झालं.

“सुटलं गं, ताई,” तिने फोनवर सांगितलं.

“शहाणी माझी ती!”

पुढच्याच आठवड्यात ताईला ताप आल्याचं कळलं, म्हणून ती फळं घेऊन न कळवता गेली. ताईच्या पलंगाशेजारी, खिडकीखाली, मशीन होतं. सुईखाली अर्धा शिवलेला पडदा.

“शिवणवर्गाला दिलं होतंस ना?”

“देणारच होते. त्यांच्याकडे जागा कुठेय?”

पेपरामागून भाऊजी हसले. “अगं, पहिल्याच दिवशी इथे आलंय ते! तीन जिने चढवताना माझी कंबर गेली.”

“तुम्ही गप्प बसा हो!”

“ताई, मागितलं असतंस तर मीच डोक्यावर घेऊन आले असते.”

“बघ, अजून अडकलीयेस तू त्यात,” ताई ध्यानाच्या वर्गातल्या त्याच मऊ आवाजात म्हणाली. “तुझी तृष्णा काही सुटली नाही.”

धाकटी पलंगाजवळ सरकली. “मशीन राहू दे तुला. फक्त एकदा म्हण, मला हवं होतं म्हणून.”

ताईने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. “जाताना फळं फ्रिजमध्ये ठेव.”

तिने फळं ठेवली, चपला घातल्या आणि बाहेर आली. मागे दार लागलं. मशीन महिन्याभरात सुटलं होतं. ताईच्या तोंडून ‘मला हवं होतं’ हे एक वाक्य ऐकायची ओढ मात्र सुटता सुटेना. आपल्या मनात पुन्हा तृष्णाच पेटलीय, हे तिला पुरतं कळत होतं. तरीही जिन्याचा कठडा धरून, दाराकडे कान लावून, ती तशीच उभी राहिली.