एवढी मोठी तीट

भागीरथाच्या पायाले प्लास्टर होतं. तलमडुगूच्या आपल्या वांग्याच्या वावरात ती घसरून पडली होती. पण गावाले तिनं सांगितलं का रानडुकराशी झोंबी झाली. डुकराचे दोन पाय मोडले, तिचा एकच. त्या एका पायापायी लेकीच्या, उत्कर्षाच्या, पोराचं बारसं तिकडं मंचेरियलले अन् आजी इकडं खाटेवर. नातवाचं तोंड तिनं अजून पाह्यलं नव्हतं. अकरा वाजता व्हिडिओ कॉल लावून पाहायचं ठरलं होतं.

अन् फोनचं खालचं बटनच मेलं. कणकीच्या हातानं दाबून दाबून त्यात इतकी कणीक गेली होती का दोन पोळ्या निघाल्या असत्या. जे उघडलं ते उघडंच, मागं फिरायची सोय नाही. सकाळपासून फोन घड्याळाच्या पानावर अडकून बसला होता.

तिनं शेजारच्या यशवंतरावले हाक मारली. हे रिटायर कारकून. फोन आदिलाबादच्या एका मास्तराकडून जुना घेतलेला, आत सगळं तेलुगूत, अन् आळीत तेलुगू वाचता येई ते यांनाच.

"वहिनी, फोन मळून राह्यल्या होत्या का?"

"भाऊजी, टोमणे मागून मारा. अकरा वाजून राह्यले."

त्यांनी फोन बंद करून चालू केला. सेटिंगमधी गेले, मग ॲक्सेसिबिलिटी, मग टच. तिथं एक खटका सरकवला, तसं काचेवर काळपट गोल बटन उगवलं.

"खालच्या बटनाचं काम आता हे करते. कुठं अडकल्या का याले दाबा."

कॉल लागला. व्याहीण द्वारकाबाईनं बाळाले फोनसमोर धरलं.

"अगं बाई! व्याहीणबाई, एवढी मोठी तीट? नजर लागू नये म्हणून माणूस ठिपका लावते, तुमी तर अख्खं तोंड सारवलं!"

"आमी तीट लावलीच नाही!"

"खोटं काऊन बोलता? मले दिसून राह्यली ना!" भागीरथानं पदरानं काच पुसली. तीट जागची हलेना.

"बारशाच्या दिवशी मले खोटारडी म्हणता? ठेवू का फोन?"

"नका, नका ठेवू!" भागीरथानं फोन दोन्ही हातानं घट्ट धरला.

यशवंतराव हसू दाबत म्हणाले, "वहिनी, ते आपलं बटन हाय. बोटानं कोपऱ्यात सरकवा."

तिनं सरकवलं. खालून गोरंपान कपाळ निघालं.

"माफ करा, व्याहीणबाई. तीट माह्या फोनले लागली होती."

"अन् पोराले नाहीच!" द्वारकाबाई एकदम दचकल्या. "अर्धं मंचेरियल पाहून गेलं त्याले!" बाळाले पाळण्यात ठेवून, फोन दांडीशी टेकवून त्या काजळ शोधायले पळाल्या.

त्या येईपर्यंत भागीरथानं सगळं पाहून घेतलं. कान, हनुवटी, एक जांभई. नाक तर चक्क तिचंच होतं.